टेहळ्याचा वेग: डन्जन्स अँड ड्रॅगन्समधल्या स्काउटची पार्श्वभूमी

1974 साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं वठवण्याचा खेळ तीन छोट्या पुस्तिकांमधून बाहेर आला. त्यात तीनच क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक (पुरोहित). पुढे जाऊन कानोसा घेणारा कोणीच नव्हता. हा खेळ ज्या युद्धखेळांच्या कुळातला, तिथे मात्र टेहळणीशिवाय पान हलत नसे. 1824 मध्ये प्रशियन अधिकारी राइसविट्झ याने सैन्यासाठी जो युद्धखेळ मांडला, त्यात 1:8000 च्या नकाशावर दोन मिनिटांची एक चाल असे आणि मध्ये पंच बसे. शत्रूच्या ज्या तुकड्या तुमच्या सैनिकांना दिसू शकतील, तेवढ्याच तो नकाशावर ठेवी. घोडेस्वारांची गस्त पुढे धाडली नाही, तर समोर काय आहे ते कळायचं नाही. 1969 मध्ये डेव्हिड वेस्ली यांच्या 'ब्राउनश्टाइन' खेळात हाच पंच होता. त्या खेळात आर्नेसन खेळले आणि तिथून पंचाचा डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, झाला.

म्हणजे माहिती लपवणारा माणूस पहिल्या दिवसापासून टेबलावर होता, ती शोधून आणणारा मात्र मागाहून आला. पुढच्या पन्नास वर्षांत नियमांना छळत राहिला तो एकच प्रश्न: पुढे गेलेल्याला जिवंत परत कसं आणायचं? टेहळ्याचा वेग हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि प्रत्येक आवृत्तीने ते वेगळ्या ठिकाणी शोधलं.

सुरुवातीला वेग इंचांत मोजत, कारण खेळ टेबलावरच्या शिशाच्या सैनिकांपासून आला होता. हलकं पायदळ 12 इंच, जड पायदळ 9, पूर्ण चिलखतातलं 6. भुयारात एक इंच म्हणजे दहा फूट. त्यामुळे पहिला वेगवान टेहळ्या म्हणजे चिलखत उतरवलेला कोणीही. सगळी टोळी तिच्यातल्या सर्वांत हळू माणसाच्या चालीने जाते, म्हणून 6 इंचवाल्यांच्या पुढे 12 इंचवाला निघाला की तो दुप्पट अंतर तोडणार आणि संकटात एकटा सापडणार.

चोराचा क्लास कॅलिफोर्नियातून आला. सँटा मोनिकातल्या 'एअरो हॉबीज' या दुकानाचे गॅरी स्विट्झर यांच्याकडून ती कल्पना गायगॅक्स यांच्याकडे पोचली आणि 1975 च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत तिला पक्कं रूप मिळालं. 1978 च्या 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीतले पहिल्या लेव्हलच्या चोराचे आकडे बघा: आवाज न करता चालणं 15 टक्के, सावलीत लपणं 10, चाहूल घेणं 10, भिंत चढणं 85. एखाद्या पहारेकऱ्यापुढून न दिसता आणि न ऐकू येता सरकायचं तर पहिले दोन्ही फासे जमायला हवेत. 15 टक्क्यांतले 10 टक्के म्हणजे दीड टक्का. टेहळणीसाठीच जन्मलेला क्लास शंभरातून अठ्ठ्याण्णव वेळा पकडला जाणार! अनुभवी डंजन मास्टर म्हणून असं धरत की साधं दबकत चालणं कुणालाही जमतं, टक्केवारी लागते ती अगदी निःशब्द होण्यासाठी. हा अर्थ घेतला नाही तर पहिल्या लेव्हलचा चोर निरुपयोगी ठरतो. वेग त्याला काहीच जादा नव्हता. चामड्याच्या चिलखतात 12 इंच, बाकी हलक्या लोकांइतकाच.

रेंजरची वाट निराळी होती. जो फिशर यांनी तो 1975 मध्ये खेळ छापणाऱ्या टीएसआर कंपनीच्या 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या पत्रिकेत मांडला. 1978 च्या नियमांत रेंजर समोरच्याला सहापैकी तीन वेळा बेसावध गाठतो आणि स्वतः सहापैकी एकदाच गाठला जातो. इतरांसाठी दोन्हीकडे दोन. हा फरक टक्क्यांच्या सगळ्या तक्त्यापेक्षा जास्त कामाचा होता. पण रेंजर व्हायला ताकद 13, बुद्धी 13, शहाणपण 14 आणि काटकपणा 14 लागे. चपळाईची अट नव्हतीच. तो मुळात लढवय्या होता, जंगल जाणणारा.

खरा वेगवान टेहळ्या त्या काळी माँक (मठातला योद्धा-साधू) होता. हे फार जणांच्या लक्षात येत नाही, कारण माँक म्हटला की हाणामारीच डोळ्यांपुढे येते. पहिल्याच लेव्हलला 15 इंच, वरच्या लेव्हलला तिसाच्या पुढे, शिवाय चोराची लपण्याची, चढण्याची, चाहूल घेण्याची कसबं. अडचण होती ती पात्र तयार होण्याची: ताकद, शहाणपण आणि चपळाई तिन्ही 15, काटकपणा 11. इमानदारीने फासे टाकणाऱ्याच्या हाती असे आकडे क्वचितच पडत.

1989 च्या दुसऱ्या आवृत्तीने एक चांगली गोष्ट केली: चोराला टक्के स्वतः वाटून घेता येऊ लागले. पहिल्या लेव्हलला 60 गुण, कुठल्याही एका कसबात जास्तीत जास्त 30. निःशब्द चालण्याचा पाया 10, लपण्याचा 5. दोन्हींत तीस-तीस घातले की 40 आणि 35, म्हणजे दोन्ही जमण्याची शक्यता 14 टक्के. वंश, चपळाई आणि चिलखताचे फेरफार वेगळे. दीडवरून चौदावर येणं ही मोठीच मजल होती. बदल्यात कुलूप 10 वर आणि सापळे 5 वरच राहत. टेहळ्या आणि कुलूपतोड्या हे दोन वेगळे लोक झाले ते इथे, आणि त्याच वर्षीच्या चोरांसाठीच्या पुस्तकात 'स्काउट' नावाचं किटही, म्हणजे पात्राचा तयार साचाही, आला.

2000 च्या तिसऱ्या आवृत्तीने टक्के मोडीत काढले. वीस बाजूंचा फासा आणि कौशल्याचे गुण आले, पण लपणं आणि निःशब्द चालणं वेगळंच राहिलं. समोरच्याच्या बघण्याविरुद्ध एक फासा, ऐकण्याविरुद्ध दुसरा. 2003 च्या सुधारित नियमांत निम्म्याहून जास्त वेगाने सरकलं की दोन्हींवर उणे 5, धावलं की उणे 20. म्हणून एका खेपेत, म्हणजे आपल्या पाळीत, 30 फूट चालणाऱ्या पात्राला खरं गुपचूप अंतर मिळे 15 फूट, आणि 10 फूट वेग वाढवला तर 20. वेगाची निम्मी किंमत शांततेच्या खात्यात जाई.

'स्काउट' हा स्वतंत्र क्लास 2005 मध्ये 'कम्प्लीट अॅडव्हेंचरर' या पुस्तकात आला. त्यावर थोडं थांबायला हवं, कारण वेग हेच हत्यार करण्याचा हा पहिला सरळ प्रयत्न होता. हिट पॉइंटसाठी (किती घाव सोसता येतात त्या आकड्यासाठी) आठ बाजूंचा फासा, दर लेव्हलला आठ कौशल्यगुण आणि वर बुद्धीचा आकडा, तिसऱ्या लेव्हलला वेग 10 फुटांनी वाढे. मुख्य गुण 'स्कर्मिश': त्या खेपेत किमान 10 फूट हललात आणि शत्रू 30 फुटांच्या आत असला, तर घावाला एक जादा सहाबाजूचा फासा, पाचव्या लेव्हलला दोन, नवव्याला तीन. तिसऱ्या लेव्हलपासून बचावातही भर.

कागदावर हे सुंदर दिसतं. टेबलावर ते त्याच आवृत्तीच्या एका जुन्या नियमावर आपटलं: एका खेपेत एकाहून जास्त वार करायचे तर जागा सोडता येत नाही, फार तर 5 फूट सरकता येतं. म्हणजे हलला तर एक वार, थांबला तर स्कर्मिश गेला. जादा बाणाचा 'रॅपिड शॉट' घेऊन बसलेल्या धनुर्धारी स्काउटला तो गुण स्कर्मिशबरोबर वापरताच येत नसे. शेजारी दोन सुऱ्या घेतलेला 'रोग' (rogue, चोराच्या क्लासचं नवं नाव) पाचव्या लेव्हलला प्रत्येक वारामागे तीन जादा फासे टाके. त्याला फक्त शत्रू दोघांच्या मध्ये सापडायला हवा. पुढे दहा फूट जाऊन परत आल्यावर स्कर्मिश लागतो का, यावर इतके वाद झाले की मूळ जागेपासून 10 फूट दूर गेलंच पाहिजे असा खुलासा करावा लागला. 2007 च्या 'कम्प्लीट स्काउंड्रल'मधल्या 'स्विफ्ट हंटर'ने रेंजर आणि स्काउटच्या लेव्हल स्कर्मिशसाठी एकत्र धरल्या, त्यानंतर हा क्लास निम्मा रेंजर करूनच खेळला जाऊ लागला.

त्या स्काउटचं दुसरं दुखणं ओझं होतं. मध्यम ओझ्याखाली स्कर्मिश आणि वाढीव वेग दोन्ही जात. चपळाई वाढवायला ताकद 8 वर टाकली की हलक्या ओझ्याची मर्यादा 26 पौंड. आता जोडा: चामड्याचं चिलखत 15, छोटं धनुष्य 2, वीस बाण 3, छोटी तलवार 2, पन्नास फूट रेशमी दोर 5. झाले 27. एका पौंडापायी क्लासचा जीवच गेला, आणि अजून पाठपिशवी आणि पाणी घेतलेलंच नाही. जुन्या पात्रांच्या कागदांवर ही चूक सर्रास सापडते. उपाय साधा होता: ताकद 10 ठेवायची, म्हणजे 33 पौंड मिळतात, किंवा दोर दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचा.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने लपणं आणि निःशब्द चालणं एक करून 'स्टेल्थ' केलं, बघणं आणि ऐकणं एक करून 'परसेप्शन'. एका फाशात निकाल लागू लागला. टेहळ्यासाठी हा सगळ्यात मोठा बदल होता, आणि त्याचं श्रेय या आवृत्तीला पुरेसं दिलं जात नाही.

मग 2014. पाचव्या आवृत्तीत दोन गोष्टी एकदम सुटल्या. चाल तोडता येऊ लागली: थोडं पुढे या, बाण सोडा, उरलेल्या फुटांत खांबामागे जा. आणि रोगला दुसऱ्याच लेव्हलला 'कनिंग अॅक्शन' मिळाली, म्हणजे धावणं, सुटून निघणं किंवा लपणं हे बोनस अॅक्शनमध्ये, मुख्य कृती न खर्चता. 2005 च्या स्काउटला जे नियमांशी भांडून मिळत नव्हतं, ते इथे दुसऱ्या लेव्हलच्या साध्या रोगला फुकट होतं. 2017 मध्ये 'झॅनाथार्स गाइड'ने रोगचा 'स्काउट' उपक्लास दिला तो या पायावर.

त्याची बांधणी अशी बसते. 15, 14, 13, 12, 10, 8 या ठरलेल्या आकड्यांतून चपळाईला 15, शहाणपणाला 14, काटकपणाला 13. वुड एल्फ घेतला की चपळाई 17, शहाणपण 15 आणि वेग 35 फूट. 'एक्स्पर्टीज' (कौशल्याची दुप्पट भर) स्टेल्थ आणि परसेप्शनवर: पहिल्याच लेव्हलला स्टेल्थ अधिक 7, आणि फासा न टाकता चालणारं परसेप्शन 16. चौथ्या लेव्हलला 'मोबाइल' हे जादा कसब घेतलं की 45 फूट, नवव्याला स्काउटचं 'सुपीरियर मोबिलिटी' आलं की 55. चाल, धाव आणि बोनस धाव मिळून एका खेपेत 165 फूट, दर खेपेला. मांजरासारख्या टॅबॅक्सी वंशाने हेच केलं तर 50 फूट दुप्पट होऊन 300 फूट निघतात. पण वेग दुप्पट करणारी ही 'फेलाइन अॅजिलिटी' पुन्हा भरायला एक पूर्ण खेप जागेवर उभं राहावं लागतं, आणि शत्रूच्या तावडीत ती खेप कोणी देत नाही. पळून यायचं असेल तर एल्फच बरा.

तिसऱ्या लेव्हलच्या 'स्कर्मिशर'चा अर्थ बरेच जण चुकीचा लावतात. शत्रू तुमच्यापासून 5 फुटांत आपली खेप संपवतो तेव्हा रिअॅक्शन (फेरीत एकदाच मिळणारी प्रतिक्रिया) वापरून निम्म्या वेगाने निसटायचं, तेही पाठीवर वार न खाता. खेप 'संपवतो' तेव्हा. म्हणजे त्याचा वार आधीच होऊन गेलेला असतो. आणि पाचव्या लेव्हलचं 'अनकॅनी डॉज', जे लागलेल्या घावाचं नुकसान निम्मं करतं, तेही रिअॅक्शनच मागतं. एका फेरीत दोन्ही मिळत नाहीत. हिट पॉइंट कमी असले तर घाव निम्मा करा, घेरले जात असाल तर निसटा.

ओझ्याचं भूत इथेही आहे, फक्त झोपलेलं. मूळ नियमात ताकदीच्या पंधरापट पौंड चालतात. पण टेबलावर ओझ्याचा पर्यायी नियम लागू असेल, तर ताकद 8 वाल्याला 40 पौंडांपलीकडे 10 फुटांचा फटका बसतो, आणि सुरुवातीला मिळणारा 'एक्स्प्लोरर्स पॅक' एकटाच 59 पौंडांचा. मोबाइलने मिळवलेलं सगळं पाठपिशवीत गेलं. मशाली आणि दहा दिवसांचा शिधा टोळीच्या घोड्यावर टाका.

प्रवासाच्या तक्त्याबद्दलही गैरसमज आहे. 2014 च्या खेळाडूंच्या पुस्तकात वेगाची चाल दिवसाला 30 मैल, साधी 24, सावकाश 18, आणि पात्राचा वेग तिथे बघितलाच जात नाही. गुपचूप जाता येतं ते फक्त सावकाश चालीत. वेगाच्या चालीत फासा न टाकता चालणाऱ्या परसेप्शनमधून 5 जातात. डंजन मास्टरच्या पुस्तकात मात्र वेगाला 10 ने भागून ताशी मैल काढायची सोय आहे: 55 फुटांचा टेहळ्या ताशी साडेपाच मैल. सावकाश चालीला त्याच्या दोन तृतीयांश घेतले, तरी साडेतीन मैलांहून जास्त पडतात. टोळीच्या साध्या चालीपेक्षा तो लपतछपत जाऊनही पुढे राहतो. वाढवलेल्या वेगाचा खरा लाभ हा आहे आणि तो लढाईबाहेरचा आहे. मोहीम सुरू होण्याआधी यातला कोणता नियम चालणार, ते डंजन मास्टरला विचारून घ्यावं.

भुयारात पुढे किती जायचं याचंही गणित आहे. 'मेसेज' ही साधी जादू 120 फुटांपर्यंत पोचते, आणि मागच्यांतला 30 फुटांचा लढवय्या एका खेपेत धावून 60 फूट येतो. म्हणून साधारण 60 फूट पुढे राहावं. त्याहून लांब गेलात तर तुम्ही परत येऊ शकाल, पण ते तुमच्यापर्यंत येऊ शकणार नाहीत. अंधारात डार्कव्हिजनवाल्यालाही (अंधारात बघू शकणाऱ्यालाही) सगळं अंधुकच दिसतं आणि फासा न टाकता चालणारं परसेप्शन 5 ने उतरतं, म्हणजे 16 चं 11. सापळे हुकतात ते बहुधा इथेच.

2024 च्या नव्या नियमांत 'मोबाइल'चं 'स्पीडी' झालं: 10 फूट तसेच, वर चपळाई किंवा काटकपणात एक गुण, आणि निसटताना पाठीवर बसणारे वार शत्रूला डिसअॅडव्हांटेजने (दोन फाशांतला कमी आकडा धरून) टाकावे लागतात. आधी ज्याच्यावर वार केला त्याच्यापुरतंच पण पूर्ण संरक्षण होतं. आता ते सगळ्यांविरुद्ध आहे पण अर्धवट. लपायला किमान 15 आणावे लागतात. रेंजरला सहाव्या लेव्हलला 10 फूट, शिवाय चढण्याचा आणि पोहण्याचा वेग मिळतो. नव्या खेळाडू-पुस्तकातल्या रोगच्या चार उपक्लासांमध्ये स्काउट नाही, म्हणून केवळ याच पुस्तकावर खेळणाऱ्या टेबलावर वेगवान टेहळ्या बांधायचा तर सहा लेव्हल रेंजर घ्यावा आणि मग रोगच्या दोन, कनिंग अॅक्शनपुरत्या.