उत्पन्न बदलले की पोटगीचे काय होते?

फौंड्रीतला ओव्हरटाइम बंद झाला, यंत्रमाग विकावे लागले, किंवा उलट वडिलांना बढती मिळाली, तरी मुलाच्या पोटगीचा आकडा आपोआप हलत नाही. न्यायालय बदलेपर्यंत जुनाच आदेश चालू राहतो आणि थकबाकी त्याच दराने चढते. पोटगी बदलून मागण्याची सोय कायद्यात शंभर वर्षांहून जुनी आहे. उत्पन्न मोजायचे कसे याची शिस्त मात्र अगदी अलीकडची.

1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 488 पोटगीचे होते आणि लगेच पुढचे 489 रक्कम बदलण्याचे. पण वर मर्यादा होती : महिना 50 रुपये, 1923 पासून 100, 1955 पासून 500. 1973 च्या नव्या संहितेत कलमे 125 आणि 127 झाली, 500 ची मर्यादा तशीच राहिली. हे 500 साऱ्या कुटुंबाला मिळून नसून प्रत्येक अर्जदाराला वेगळे, एवढे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये कॅप्टन कौशल खटल्यात स्पष्ट केले. 2001 मध्ये केंद्राने मर्यादाच काढली आणि तेव्हापासून खऱ्या उत्पन्नाला या कलमाखाली अर्थ आला. 1 जुलै 2024 पासून हीच कलमे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 आणि 146 म्हणून आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या मुलांच्या पोटगीविषयीच्या कलम 26 ला अशी मर्यादा कधीच नव्हती.

आपल्याकडे ठरलेले सूत्र नाही. पगाराच्या 25 टक्के हा आकडा लोकांच्या तोंडी असतो, तो 1970 आणि 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून आला. तोही पत्नीच्या पोटगीचा अंदाज म्हणून. मुलाच्या खर्चाचे ते कोष्टक नव्हे.

मुलांसाठी जास्त उपयोगाचा निकाल 2000 सालचा, पद्मजा शर्मा खटल्यातला. वडिलांचा पगार आईच्या साधारण दुप्पट, म्हणून दोन मुलांच्या दरमहा प्रत्येकी 3,000 रुपयांच्या खर्चाची वाटणी 2:1 झाली. हाच हिशोब आज मांडू. मुलाचा खर्च 15,000, वडिलांच्या हातात 40,000, आईच्या हातात 20,000. वडिलांचा वाटा 10,000. त्यांचे उत्पन्न 30,000 वर आले की प्रमाण 3:2 होते आणि वाटा 9,000. उत्पन्न पाव भागाने घटले, पोटगी फक्त दहा टक्क्यांनी.

दिल्ली उच्च न्यायालयाने 2004 मध्ये वेगळी रीत वापरली : कुटुंबाच्या एकूण उत्पन्नाचे वाटे पाडायचे, कमावत्या नवऱ्याला दोन, बाकीच्यांना एकेक. आई-मुलाच्या वाट्यातून आईची कमाई वजा करायची. वरच्याच आकड्यांत आधी 10,000 येतात, पण उत्पन्न घटल्यावर थेट 5,000. पद्धत कोणती धरली यावर एवढा फरक पडतो. म्हणून अर्जात नुसती रक्कम न लिहिता ती कशी काढली हेही मांडावे. दिल्लीचा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, दाखल्यापुरता चालतो.

हातात पडणारा पगार म्हणजे प्राप्तिकर, व्यवसाय कर आणि सक्तीचा भविष्य निर्वाह निधी वजा जाता उरलेला. पतसंस्थेचा किंवा गाडीचा हप्ता सहसा वजा करू दिला जात नाही. नाहीतर पोटगी चुकवायला एक कर्ज पुरले असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातले. शेतकऱ्यांसाठी प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुना आहे, त्यात जमीन, पीक, जनावरे आणि जमिनीवरचे कर्ज येते. कोल्हापूर जिल्ह्यात हा नमुना महत्त्वाचा. उसाचे बिल हंगामात येते आणि त्यातून सेवा सोसायटीचे पीककर्ज आधीच वळते होते, त्यामुळे पासबुकात दिसते ते निम्मेशिम्मे. कारखान्याचे मूळ बिल मागवावे, दहा दिवसांच्या दूधबिलांचा वर्षभराचा ताळा लावावा आणि एकूण रक्कम बाराने भागावी. एका महिन्याच्या नोंदीवरून काढलेला आकडा दोन्हीकडे चुकतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराची मात्र वर्षभराची पगारपत्रके जोडावीत, म्हणजे ओव्हरटाइम कायमचा होता की हंगामी ते कळते.

उत्पन्न घटल्याचे सांगणाऱ्याची पहिली परीक्षा म्हणजे ते स्वतःहून घटवले का. शमीमा फारुकी खटल्यात (2015) लष्करातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या नवऱ्याची पोटगी उच्च न्यायालयाने 4,000 वरून 2,000 केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 4,000 पुन्हा कायम केले. दुसरी परीक्षा काळाची. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या एका प्रकरणात सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बदल मूळ आदेशानंतरचाच हवा आणि आधी दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. नोकरी गेल्यावर सहा महिने थांबून अर्ज करणारे इथेच अडकतात, कारण त्या सहा महिन्यांचा बोजा बहुधा अंगावरच राहतो. अर्ज ज्या कायद्याखाली मूळ आदेश झाला त्याच कायद्याखाली करावा, नाहीतर तारखा वाया जातात.

घेणाऱ्या बाजूलाही मुदत आहे. फौजदारी कलमाखाली (जुने 125, आताचे 144) थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. दिवाणी हुकूमनाम्याच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश भाग जप्तीबाहेर राहतो, उरलेला जप्त होऊ शकतो.

वरच्या दादेसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणेही तिथे येतात. मात्र वर नुसती दाद मागितल्याने पोटगी थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो, आणि स्थगिती देताना थकबाकीचा काही भाग आधी भरण्याची अट न्यायालय घालू शकते.