तीन नट आणि पाऊण सेकंद

दोऱ्याला लोखंडी नट बांधला, लंबक केला. टांगलेल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत ३० सेंटिमीटर. २० झोक्यांना (एक झोका म्हणजे जाऊन परत येणं) २२ सेकंद लागले. वजनाने काय फरक पडतो ते बघायला म्हणून त्याखाली दोन-दोन सेंटिमीटरवर आणखी दोन तसेच नट बांधले. आता साधारण पावणेतेवीस. पाऊण सेकंद जास्त! म्हणजे वजन वाढलं की लंबक मंदावतो?

साफ चूक. गंमत म्हणजे मोजणी अगदी बरोबर आहे.

प्रयोगात जे जे बदलू शकतं, ते चल. आपण मुद्दाम बदलतो ते स्वतंत्र चल, इथे वजन. मोजतो ते अवलंबी चल; इथे झोक्याचा वेळ. उरलेली सगळी जागच्या जागी धरून ठेवायची, ती नियंत्रित चलं. व्याख्या पाच मिनिटांत पाठ होतात. घाम फुटतो तो तिसऱ्या गटाची यादी करताना, कारण त्यातलं एखादं चल चोरपावलांनी हलतं.

इथे लांबी हलली. लंबकाची लांबी म्हणजे नुसता दोरा नव्हे, ती वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची. खालच्या दोन नटांनी तो मध्य खाली ओढला, ३० चे ३२ सेंटिमीटर झाले आणि पाऊण सेकंद तिथून आला. तेच तीन नट एकाच उंचीवर, एकमेकांना चिकटवून बांधा. वेळ पुन्हा २२ सेकंदांवर येतो.

दुसरं लबाड चल म्हणजे झोक्याचा कोन. झोका लहान असो वा मोठा, वेळ तेवढाच लागतो, असं गॅलिलिओने १६०२ मधल्या एका पत्रात मांडलं होतं. लहान झोक्यांपुरतं ते चालून जातं. पण लंबक ६० अंशांवरून सोडला, तर लहान झोक्याच्या तुलनेत वेळ सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. म्हणून दर वेळी १० अंशांच्या आसपास, एकाच खुणेवरून सोडावा. आणि सोडावा म्हणजे नुसता सोडावा, ढकलू नये.

एकच झोका का मोजत नाही? स्टॉपवॉचचं बटण दाबताना बोट सहज ०.२ सेकंद इकडेतिकडे होतं. २० झोके मोजून भागलं की ती चूक झोक्यामागे ०.०१ सेकंदावर येते. मात्र घड्याळ सुरू करताना ‘एक’ नाही, ‘शून्य’ म्हणायचं. नाहीतर १९ झोक्यांनाच २० समजून बसाल. हा घोळ मीही घातलेला आहे.

एवढं जमलं की वजन आणि कोन बांधून ठेवा आणि फक्त लांबी बदला. २५ सेंटिमीटरला एका झोक्याला १ सेकंद लागेल, ५० ला १.४, ७५ ला १.७ आणि १०० ला २. लांबी चौपट, वेळ दुप्पट. आलेख काढला तर रेघ वाकडी येते. वेळेऐवजी वेळेचा वर्ग मांडून बघा, ती सरळ होते.