मानेतला वारा

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल शहरात कंबोडियन निर्वासितांची मोठी वस्ती आहे. १९७५ ते १९७९ या काळात कंबोडियात हुकूमशहा पोल पॉटच्या राजवटीतली उपासमार, वेठबिगारी आणि कत्तली यांतून वाचलेली ही माणसं. त्यांच्यातल्या अनेकांची तक्रार एकसारखी असे. उठून उभं राहिलं की गरगरतं, मान आखडते, कान वाजतात आणि आता जीव जातोय असं वाटतं.

उभं राहताना रक्तदाब क्षणभर उतरणं यात वावगं काहीच नाही. पण ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या लोकांच्या, समजुतीनुसार शरीरातला वारा, म्हणजे ‘ख्याल’, रक्तासोबत वर चढतो. तो मानेतल्या शिरा फोडू शकतो, कानांतून बाहेर पडू शकतो. वाताचं दुखणं ऐकत वाढलेल्या आपल्याला हे फार परकं वाटू नये. साधी घेरी आली तरी माणूस धास्तावतो, धास्तीने छाती धडधडते, घेरी वाढते. त्यात जुन्या आठवणी मिसळतात. उपाशीपोटी शेतात राबताना अशीच भोवळ यायची, कावडीने माती वाहताना हीच मान दुखायची.

मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ डेव्हन हिंटन यांनी ही साखळी बारकाईने उलगडली आणि उपचार तिच्यावरच बेतले. विचार आणि वर्तन बदलण्याची नेहमीची पद्धत त्यांनी सोडली नाही. मात्र घेरी का येते हे समजावताना ते ख्यालची भीती बाजूला सारत नसत, तिच्याबद्दल बोलत. मान मुद्दाम फिरवून येणारी गरगर लहानपणीच्या खेळांच्या आठवणीशी जोडायला शिकवत. वाऱ्यावर डोलणारं, पण देठाशी घट्ट असलेलं कमळ डोळ्यांसमोर आणायला सांगत. औषधांनी पुरेसा गुण न आलेल्या ४० रुग्णांवर या १२ सत्रांच्या उपचाराची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सुधारणा ठळक होती.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई लोकांसाठी त्यांच्याच समाजातला थेरपिस्ट दिला की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. असा थेरपिस्ट रुग्णांना हवासा वाटतो, हे खरंच आहे. पण २०११ साली कॅब्राल आणि स्मिथ या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा केवळ वंश जुळल्याने प्रत्यक्ष गुण येण्यात सरासरीने जवळजवळ फरक पडत नाही असं आढळलं. त्याच वर्षी बेनिश आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणात संस्कृतीशी जुळवलेले उपचार सरस ठरले, आणि त्यातही रुग्ण आपल्या दुखण्याचं जे कारण मानतो ते धरून केलेले जास्त. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण ऐकून घेणं कुठल्याही वंशाच्या थेरपिस्टला शिकता येतं.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत ‘ख्याल’च्या झटक्यांची नोंद आहे. सोबत १६ प्रश्नांची एक मुलाखतही दिली आहे. घरच्यांना किंवा आपल्या माणसांना हा त्रास तुम्ही कसा सांगाल, हे त्यात सुरुवातीलाच विचारलं जातं.