दोन कोअरची मर्यादा म्हणजे दोन कोअर नव्हेत

‘या प्रोग्रॅमला दोन कोअर दिलेत, तो त्यातले बारा टक्केच वापरतो. तरी अडकतो कसा?’ सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग.) उत्तर फार सुंदर आहे.

एकाच यंत्रावरच्या प्रोग्रॅमचे गट करून त्यांना प्रोसेसरचा वेळ वाटून देण्याची लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधली सोय म्हणजे सीग्रुप. गूगलमधल्या अभियंत्यांनी २००६ मध्ये तिचं काम सुरू केलं आणि जानेवारी २००८ मध्ये ती कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आली. वाटणी दोन तऱ्हांनी होते. पहिली वजनाने. एका गटाला १०० आणि दुसऱ्याला ३०० वजन दिलं, तर दोघांनाही काम असताना वेळ एकास तीन वाटला जातो. एक रिकामा बसला, तर सगळा वेळ दुसऱ्याचा. सामाईक विहिरीवर भावाची मोटर बंद असेल, तर आपली चालू ठेवायला हरकत नसते, तसंच हे. आपला किमान वाटा मात्र कुणी हिरावू शकत नाही.

दुसरी तऱ्हा कोट्याची, आणि खरी गंमत इथे आहे. ‘दोन कोअर’ म्हणजे कर्नलच्या भाषेत दर १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत २०० मिलिसेकंद प्रोसेसरवेळ. कोणते दोन कोअर, हे कुठेच ठरलेलं नसतं! समजा, यंत्र सोळा कोअरचं आहे आणि एका विनंतीचं काम सोळा धाग्यांत (थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालू शकणारे कामाचे तुकडे) विभागलंय, प्रत्येकी १५ मिलिसेकंद. सोळाही धागे एकदम धावतात आणि साधारण साडेबारा मिलिसेकंदांत २०० चा कोटा संपतो. मग अख्खा गट थांबतो, शेजारचे कोअर मोकळे असले तरी. पुढची खिडकी उघडायला साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद, नंतर उरलेले अडीच. पंधराचं काम एकशे अडीचवर गेलं. सेकंदाला अशी एकच विनंती आली, तर सरासरी वापर दिसतो फक्त बारा टक्के.

म्हणूनच ‘मोठं मशीन घ्या, वेग वाढेल’ हा विक्रेत्यांचा मंत्र इथे फोल ठरतो. बत्तीस कोअरवर बत्तीस धागे तोच कोटा सव्वासहा मिलिसेकंदांत संपवतील. त्याऐवजी गट किती वेळा थोपवला गेला, याची कर्नल ठेवत असलेली मोजणी पाहावी.

२०२१ च्या ५.१४ या कर्नलपासून न वापरलेला कोटा थोडा साठवताही येतो. वरच्या उदाहरणात ४० मिलिसेकंदांची साठवण पुरते. मुळात ती शून्य असते, आपण ठरवून द्यावी लागते.