विडीच्या सुपातून शिलाई मशीनकडे : सोलापुरातल्या तेलुगू बायका आणि सरकारी प्रशिक्षण

सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 मध्ये सुरू झाली. गिरण्या आणि हातमाग वाढले, तशी निजामाच्या मुलखातल्या तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबं इथं येऊन वसली. त्यांच्यातल्या बायकांना सूत उकलणं, कांड्या भरणं येत होतं. माग मात्र पुरुषाचा, म्हणून मजुरीही त्याच्याच हातात. यंत्रमागानं ही कामं आटत गेली आणि बायका विडीकडे वळल्या.

विडीला ‘अकुशल काम’ म्हणणाऱ्यानं एकदा सूप मांडीवर घेऊन बसावं. पान भिजवायचं, मापाचा पत्रा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू सारखी पसरून वळायची, तोंड दुमडून दोरा बांधायचा. वळण सैल राहिलं की विडी छाटात, म्हणजे नापास मालात जाते आणि तिची मजुरी बुडते. मजुरी हजारी दरानं, आणि हजार विड्यांना सरावलेल्या हातालाही अख्खा दिवस लागतो.

1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं. 1976 मध्ये विडीवरच्या उपकरातून कल्याण निधी उभा राहिला : शिष्यवृत्ती, दवाखाने, घरांना मदत. भविष्य निर्वाह निधीचा हक्क घरखेप, म्हणजे घरी विड्या वळणाऱ्या कामगारांनाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये स्पष्ट केलं. पुढे सोलापूरजवळच्या कुंभारीला माकपचे कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं विडी कामगार बायकांसाठी 10,000 घरांची वसाहत झाली. थोडक्यात, मजुरी तोकडी असली तरी ओळखपत्र, फंड आणि घर या तीन गोष्टी विडीला जोडलेल्या होत्या.

2016 पासून विडीच्या पाकिटाच्या 85 टक्के भागावर धोक्याचं चित्र आलं. जुलै 2017 मध्ये जीएसटी लागू होताना कल्याण निधीचा तो उपकर गेला. याच सुमारास पर्यायी रोजगाराची भाषा सुरू झाली. 2015 मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना हाताशी होतीच, आणि सोलापुरात शालेय गणवेशाचा तयार कपड्यांचा धंदा असल्यानं शिलाई सोयीची वाटली.

गोंधळ होतो तो हिशेबात. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षण केंद्राला पैसे 30, 50 आणि 20 टक्के अशा हप्त्यांत मिळत : सुरुवातीला, प्रमाणपत्रानंतर आणि नोकरी लागल्यावर. नोकरीही 90 दिवसांत लागायला हवी. म्हणजे 80 टक्के रक्कम नोकरीआधीच पदरात. त्यात नोकरीला कागद लागतो, आणि घरी नग घेऊन शिवणारीकडे ना नेमणूकपत्र, ना पगारपत्रक. ती कमावत असली तरी आकड्यात बेरोजगार राहते.

बाकीच्या अडचणी साध्याच आहेत. पायमशीनवर शिकलेल्या हाताला कारखान्यातल्या जुकीचा, म्हणजे विजेवरच्या वेगवान शिलाई मशीनचा वेग धरायला वेळ लागतो आणि तोवर नगावरची कमाई विडीपेक्षाही कमी पडते. शिकण्याच्या दिवसांत विडीची मजुरी बुडते ती वेगळीच. शिकवणं मराठी-हिंदीत, विचार तेलुगूत. अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांना तिसऱ्या टप्प्यात 45 वर्षांची कमाल मर्यादा होती, त्यामुळे पन्नाशीची बाई वगळलीच गेली. विडी सोडली की फंडाचा भरणाही थांबतो.

चौथ्या टप्प्यात तर अल्पमुदतीचं प्रशिक्षण नोकरीच्या अटीपासूनच वेगळं केलं गेलं. त्यामुळे कुंभारीतली किती मशीनं खरोखर चालतात आणि किती सुपं अजून मांडीवर आहेत, हे प्रमाणपत्रांच्या आकड्यावरून कळत नाही.