छडी गेली, दाखल्याचा धाकही गेला. मधल्या पायऱ्यांचं काय?

वर्गात दंगा झाला की प्रकरण कुठून कुठवर जाणार, हे ठाण्यातल्या जुन्या मराठी शाळांत कोणाला वेगळं सांगावं लागत नसे. अंगठे धरा, बाकावर उभे राहा, हात पुढे करा, इतक्यात बहुतेक वेळा निकाल लागे. नाहीच भागलं तर पर्यवेक्षकांच्या खोलीबाहेर ताटकळणं, मग ‘उद्या वडिलांना घेऊन ये’ आणि शेवटी ‘दाखला हातात देईन’. दाखला क्वचितच दिला जाई. धमकीच पुरेशी होती. पालकही ‘सर, दोन लावा, आमचं काही म्हणणं नाही’ असं तोंडावर सांगत. यातलं काहीही कागदावर नसे, त्यामुळे कोणत्या मुलाला किती मार बसेल हे त्याच्या खोडीपेक्षा मास्तरांच्या मूडवर जास्त ठरे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शारीरिक शिक्षा शाळांतून हद्दपार करण्याची भाषा होती. १९९२ मध्ये भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शालेय नियमांतली छडीची तरतूद रद्द केली. पण आपल्याकडच्या वर्गांपर्यंत हे झिरपायला शिक्षण हक्क कायदा यावा लागला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनी तर बाकावर उभं करणं, दप्तर डोक्यावर घ्यायला लावणं, गुडघे टेकवणं हेही शिक्षेतच धरलं.

त्याच कायद्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली, पण काढून टाकण्यावरची बंदी कायम राहिली. म्हणजे पहिली पायरी आणि शेवटची पायरी एकदमच गेली. हे योग्यच झालं. गफलत पुढे झाली: या दोन टोकांच्या मध्ये काय करायचं, हे शिक्षकांना कोणी बसून शिकवलं नाही.

कायद्यालाही फटी आहेत. कलम १७ मोडणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांनुसार कारवाई होते, तीही बऱ्याचदा त्याच संस्थेने करायची असते. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदाच लागू नाही, आणि ठाण्यात अशा शाळा कमी नाहीत. तिथेही बाल न्याय कायदा आणि फौजदारी कलमं आहेतच, पण ती आठवतात इजा झाल्यावर. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत (२०१४ पर्यंत हा तालुका ठाणे जिल्ह्यातच होता) उशिरा आल्याबद्दल शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला, तो सहावीतली मुलगी दगावल्यावर.

सध्या बहुतेक ठिकाणी रीत अशी: तोंडी समज, डायरीत लाल शेरा, वर्गशिक्षकांचा फोन, पर्यवेक्षकांसमोर पालकांची भेट, मग मुलाचं माफीपत्र आणि पालकांचं हमीपत्र. सगळं लेखी. मात्र हे कागद मुलासाठी कमी आणि उद्या तक्रार झाली तर शाळेच्या बचावासाठी जास्त असतात. मुलगा का चिडतो, घरी काय चाललंय, वाचता येत नाही म्हणून वर्ग उधळतो का, हे त्यात कुठेच येत नाही. ते विचारायला समुपदेशक लागतो. वाशी-नेरुळच्या सीबीएसई शाळांना तो ठेवणं मंडळाच्या संलग्नता नियमांनीच भाग आहे. शेजारच्या अनुदानित मराठी शाळेत साठ मुलांचा वर्ग सांभाळून मधल्या सुट्टीत हे काम वर्गशिक्षिकाच करतात, जमेल तसं.