‘एस्टीमचं इंजिन’ म्हणजे नक्की कोणतं?

मारुतीची जुनी झेन घ्यायची आणि गॅरेजात जाऊन ‘हिच्यात एस्टीमचं (मारुतीच्याच मोठ्या गाडीचं) इंजिन टाकायचंय’ म्हणायचं, असे लोक अजून भेटतात. खिशाला फार चाट न लावता पळणारी गाडी हवी असेल, तर आपल्याकडे बरीच वर्षं हाच सोपा मार्ग होता. घोळ आहे तो ‘एस्टीमचं इंजिन’ या शब्दांत.

त्याआधीचा काळ थोडक्यात. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं. ताकद वाढवायची म्हणजे हेड (इंजिनाचा वरचा भाग) घासून कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, चढवायचं, कार्ब्युरेटर बदलायचा, सायलेन्सर मोकळा करायचा. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर अशा फियाटी धावल्या. १९८३ साली मारुती ८०० आली, पण तिचं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन मुळात चाळीस बीएचपीच्या आतलं. त्यात कितीही जीव ओतला तरी मिळणार किती? त्या काळात मिस्त्रीचा हात हीच खरी ताकद होती. बाहेरून दुसरं, मोठं इंजिन आणायचं तर ते होतंच कुठे?

ते आलं १९९०च्या दशकात. १९९३ला झेन, ९९३ सीसी, ५० बीएचपी. १९९४ला एस्टीम, १२९८ सीसी, ६५ बीएचपी. १९९६ला जिप्सी किंग, तीही १२९८ सीसीची. तिन्ही गाड्यांत एकाच घराण्याची इंजिनं, सुझुकीच्या जी-मालिकेतली. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, वजनाला हलका. झेनच्या गिअरबॉक्सला एस्टीमचं इंजिन जोडायला वेगळी प्लेट बनवायची गरज नव्हती, आणि स्वस्ताईचं गुपित इथेच आहे. लेथवर खास भाग बनवून घ्यायची वेळ आली की बजेट संपलंच म्हणून समजा. इथे बहुतेक भाग कंपनीचेच, फक्त दुसऱ्या गाडीचे.

आता घोळाकडे. ‘जी-१३’ म्हटलं की चार वेगवेगळी माणसं चार वेगवेगळी इंजिनं डोळ्यांसमोर आणतात. पहिलं, जी१३बीए: आठ व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर, एस्टीममध्ये ६५ आणि जिप्सीत ६० बीएचपी. दुसरं, जी१३बीबी: सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी यंत्रणा), १९९९च्या सुमारास एस्टीममध्ये ८५ बीएचपी घेऊन आलं, जिप्सीत ८० आणि २००५च्या स्विफ्टमध्ये ८७. तिसरं, नुसतं जी१३बी, मागे काहीच अक्षर नाही. ते परदेशातल्या स्विफ्ट जीटीआयचं ट्विन-कॅम इंजिन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे (कॅम) दोन, शंभरएक बीएचपीचं; आपल्या कुठल्याच गाडीत कंपनीने ते दिलं नाही. आणि चौथं म्हणजे गॅरेजातलं ‘स्विफ्टचं तेराशे’, जे विचारायला जावं तर निघतं १२४८ सीसीचं डिझेल.

बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) पहिल्या तिघांचा सारखाच, ७४ बाय ७५.५ मिलिमीटर. त्यामुळे सीसी विचारून काही कळत नाही. झेनचं तर आणखी मजेशीर: बाहेरच्या देशांत ९९३ सीसीचंच जी१० इंजिन तीन सिलिंडरचं आहे, आपलं चार सिलिंडरचं. आकडा तोच, इंजिन वेगळं. परदेशातून ‘जी१३बी’चे कॅम मागवून, वर कस्टम ड्युटी भरून, खोकं उघडल्यावर दोन कॅम हातात आलेले लोक आहेत. आपल्या हेडमध्ये कॅम एकच बसतो.

खरा अनुभवी मिस्त्री नाव ऐकतच नाही. तो टॉर्च घेतो, ब्लॉकवरचं ग्रीस तारेच्या ब्रशने खरवडतो आणि ठोकलेला नंबर वाचतो, कारण नंबराच्या सुरुवातीलाच अक्षरं असतात. घाईत असेल तर प्लगच्या वायरी बघतो. हेडच्या बाजूने आत गेल्या तर आठ व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह कव्हरच्या मधून खाली उतरल्या तर सोळा. मग हेडवर पट्टी ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं, सरकवतो. ॲल्युमिनियमचं इंजिन एकदा हीट झालं की हेड वाकतं, आणि विकणारा ते कधीच सांगत नाही.

आठ आणि सोळा व्हॉल्व्हमधला फरक वीस बीएचपीचा, पण खर्चातला फरक त्याहून मोठा. कार्ब्युरेटरचं इंजिन कार्ब्युरेटरच्या झेनमध्ये जवळजवळ तसंच बसतं. सोळा व्हॉल्व्हला मात्र पूर्ण वायरिंग, इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर आणि जास्त दाबाचा पेट्रोल पंप लागतो. इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून उड्या मारणारे पुढे वायरिंगवाल्याकडे महिनाभर खेपा घालतात. इंजिन स्विफ्टचं असेल, तर इसीयू, किल्ली आणि इमोबिलायझर (चुकीच्या किल्लीला इंजिन चालू न होऊ देणारं यंत्र) एकाच गाडीचे हवेत. सगळं नीट जमलं, तर साडेसातशे किलोंच्या आसपासच्या झेनला ८५ बीएचपी मिळतात. एस्टीम याच ताकदीवर सव्वाशेएक किलो जास्त ओढत होती. ब्रेक मात्र पन्नास बीएचपीच्या हिशोबाचे राहतात. त्यांच्यासाठी पैसे बाजूला ठेवलेले फार थोडे पाहिलेत.

मग २००६चा अर्थसंकल्प. छोट्या गाड्यांवरचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. छोटी कोण, तर लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५००पर्यंत. १२९८ सीसीची पेट्रोल स्विफ्ट ९८ सीसीने मोठी ठरली, आणि पुढच्या वर्षी आलेली १२४८ सीसीची डिझेल स्विफ्ट छोटी! २०१०मध्ये पेट्रोल स्विफ्टला ११९७ सीसीचं नवं इंजिन मिळालं, ८५ बीएचपीचं. प्रदूषणाचा भारत स्टेज ४ नियम त्याच वर्षी मोठ्या शहरांत लागू झाला, म्हणून जुनं इंजिन धुरामुळे गेलं असं सांगणारे आहेत. मला ते पटत नाही; माझ्या मते ते शुल्कामुळे गेलं. तेच इंजिन जिप्सीत पुढे २०१९पर्यंत चाललं. नवं इंजिन वाईट नव्हतं, उलट ॲव्हरेज चांगलं देतं. पण ते झेन-एस्टीमच्या घराण्यातलं नाही. भाग इकडचे तिकडे बसायची सोय तिथे संपली.

कायद्याचा धागा याला समांतर चालला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये २००० साली दुरुस्ती झाली: नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. सवलत मिळाली ती सीएनजी-एलपीजीसारख्या इंधनाच्या किटला. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे पक्कं केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद केली. झेनच्या आरसीवर (नोंदणीपत्रावर) ९९३ आणि बॉनेटखाली १२९८ म्हणजे सरळसरळ विसंगती. ट्रॅकवर चालते, रस्त्यावर नाही. अपघात झाला तर विमा कंपनी आधी इंजिन नंबरच बघते.

आज सोळा व्हॉल्व्हचं बरं इंजिन मिळतं ते बहुतेक लिलावात निघालेल्या लष्करी जिप्सींमधून. पण जिप्सीत इंजिन लांबीच्या दिशेने बसतं, झेनमध्ये आडवं. माउंट (इंजिनाचे आधार), सम्प (खालचं तेलाचं भांडं), मॅनिफोल्ड (हवा-धुराच्या नळ्या) यांची मांडणी सगळी वेगळी. ते भाग शोधायला माणूस पुन्हा भंगारात पडलेल्या एस्टीमकडेच जातो, आणि एस्टीम बंद झाली २००७मध्ये.